शून्य नंबरचा बांध

शाळेत 'पायाखालची जमीन सरकणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरायला सांगितला, की मी दरवेळी कुणाचा तरी बाप आजारी पाडायचे. त्याचा खरा अर्थ मला कळला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी, भाईंदर पश्चिमेच्या एका ऑफिसात, खुर्चीत बसल्याजागी. सरकायलासुद्धा जमीन नव्हती, आणि ते समोरच्या स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं.

बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स करून मी त्या लहानशा कंपनीत लागले होते. काम नवीन होतं, जीआयएस म्हणायचे त्याला. सरकारी मोजणीचे जुने गाव-नकाशे एका मोठ्या टेबलावर चिकटवायचे आणि हातातल्या यंत्राने जमिनीच्या एकेका तुकड्याची कड गिरवायची, की ती रेघ कॉम्प्युटरमध्ये उमटायची. प्रत्येक तुकड्याला त्याचा सर्व्हे नंबर द्यायचा. मग त्यावर पाण्याच्या लाइनी चढवायच्या. पुढं नळाचं कनेक्शन याच नकाशावरून मिळणार, असं आमचे साहेब सांगायचे. तुकड्याला नंबर असेल, तर नळ. मी हे कौतुकानं घरी येऊन मायला सांगितलं आणि स्वतःच्याच मागे भुंगा लावून घेतला.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. वडील काशीमीऱ्याच्या एका गोदामात हमाली करायचे. खारी गावाच्या शिवेवर एक रुंद मातीचा बांध होता, त्यावर आमच्या समाजाच्या घरांच्या दोन ओळी होत्या आणि टोकाला पत्र्याचं विहार. चारी बाजूंनी बिल्डिंगा उठत होत्या. त्यांच्या टाक्या भरून वाहायच्या आणि माय हंडा घेऊन त्यांच्या वॉचमनची मनधरणी करायची. "भैया, एकच हंडा भरने दो ना." तिच्या लेकाच्या वयाचा तो वॉचमन तिला थांबवून ठेवायचा. तिचे गुडघे पार गेले होते. मरायच्या आधी दारात नळ बघायचाय, असं ती सरळ बोलून दाखवायची.

त्या दुपारी मी खारीचा नकाशा शेजारच्या गावाच्या नकाशाला जोडत होते. दोन गावं वेगवेगळी मोजलेली असतात, त्यामुळं त्यांच्या कडा कधीच नीट जुळत नाहीत, मध्ये फट राहते. फट म्हणजे चूक धरायची आणि एक कमांड देऊन दोन्ही कडा चिकटवून टाकायच्या, हा आमचा रिवाज. अशा फटी मी रोज चहा पीत पीत बुजवायचे. ही मात्र चांगली लांबलचक होती आणि मध्येच डावीकडं वळली होती. ते वळण मला ओळखीचं वाटलं. आमच्या बांधावर अगदी तसंच वळण होतं, विहाराच्या थोडं अलीकडं.

मी पुन्हा पुन्हा मोठं करून बघितलं. आमचं घर खारीत नव्हतं आणि पलीकडच्या गावातही नव्हतं. रेशनकार्ड होतं, मतदार यादीत नावं होती, मत देऊन आल्यावर माय दिवसभर शाईचं बोट मिरवायची, आणि आम्ही राहत होतो ती जागाच कुठल्या गावात नव्हती! एक बटण दाबलं असतं, तर आमची सगळी वस्ती चूक म्हणून बुजली असती. मला भयंकर राग आला, पण नेमका कुणाचा, तेच कळेना.

संध्याकाळी मी तडक खारीतल्या आजोबांकडं गेले. ते जुन्या आगरी घरातले. एके काळी त्यांची भातशेती आमच्या बांधाला लागून होती, आणि वस्तीतली सगळी पोरं त्यांना आजोबाच म्हणायची. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"आजोबा, आमचा बांध कुणाच्या नावावर आहे?"

"कुनाच्याच न्हाय," ते म्हणाले. "यो खाऱ्या पान्याचा बांध हाय. उधानाचं पानी शेतान येव नय म्हनून या आंगाशी आमी माती टाकाची, त्या आंगाशी पल्याडच्या गाववाल्यांनी. मोजनीवाला आला तवा आमचे म्हातारे बोलले, बांध त्यांचा. त्यांचे बोलले, बांध खारीचा."

"पण असं का?"

"नावाव घेतला तं फुटल्याव एकट्यालाच माती टाकाला लागंल ना, पोरी!" आणि ते खो खो हसले.

मला हसू आलं नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं दोघांच्या चतुराईत तिसऱ्याचं घर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती फट बुजवली नाही. तिच्या दोन्ही कडा गिरवून बांधाचा वेगळा तुकडा काढला. कॉम्प्युटर नंबर मागत होता, मी शून्य टाकलं. साहेब ओरडतील म्हणून भांडायच्या तयारीनंच त्यांच्याकडं गेले, तर ते म्हणाले, "गुड. जागा आहे, तर दिसायलाच पाहिजे." मी हवेतच घरी आले. आपला बांध नकाशात आला म्हटल्यावर मायनं शेजारणींच्या हातावर साखर ठेवली.

पुढच्याच आठवड्यात नकाशाची मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावली. नवीन मोठी पाण्याची लाइन कुठून न्यायची, ते सुचवायचं काम आमच्याच कंपनीकडं होतं. साहेबांनी निळी पेन्सिल घेतली आणि आमच्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"तुझ्यामुळं सुटलं बघ," ते खुशीत म्हणाले. "नंबर नाही, मालक नाही, भूसंपादनाची कटकट नाही. याच्यासारखा रूट नाही."

"सर, तिथं घरं आहेत."

"कुठं?" त्यांनी खरोखर वाकून नकाशात शोधलं. नकाशात जमीन होती, पाण्याच्या लाइनी होत्या. घरं काढायला आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सर, माझं घर आहे तिथं."

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग अगदी मायेनं म्हणाले, "देतील गं तुम्हाला दुसरीकडं काहीतरी." ओरडले असते, तर मी सहन केलं असतं.

घरी पोचले तेव्हा माय दारातच उभी होती.

"काय गं, ठरलं का पान्याचं?"

"ठरलं."

"मोठी लाइन हाय का?"

"माणूस वाकून आत जाईल एवढी."

तिनं लगेच शेजारणींना हाका मारल्या. बाया जमल्या. कुणीतरी विचारलं, कुठून जाणार? मी पायाखालच्या मातीकडं बोट केलं.

"म्हंजी दारावरनं?" माय म्हणाली.

"घरातून, माय."

मी थट्टा करतेय असं वाटून ती आधी हसली. मग माझं तोंड बघून तिनं भिंतीला हात टेकला.

"आगं, मग आपुन कुठं?"

वस्तीत नकाशा काढणारी मी एकटीच होते. सगळ्या बाया उत्तरासाठी माझ्याकडं बघत राहिल्या.