गादीखालचा कागद

शिंगणापूरहून परत आल्यावर बायकोनं गाडीतल्या गाद्या उन्हात टाकायला काढल्या आणि मागच्या गादीला हात लावून ती थांबली. गादी एका अंगानं ओली होती. दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा घराच्या पायरीवर बसून बशीतला चहा पीत होते. मागच्या गादीवर तेच झोपले होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आमचे आवाज आपोआप खाली आले.

पुढचं सगळं त्या खाली आलेल्या आवाजातून झालं.

दादांच्या लघवीच्या त्रासावर आदल्या वर्षी उपचार झाले होते. काही दिवस ताबा राहणार नाही, मग सुधारेल, काहींना वेळ लागतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते नीट ऐकलं होतं, त्यावर वाचलंही होतं. मी वाचणारा माणूस आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि त्यामुळे कुठलीही अडचण आली की आपण आधी वाचावं, मग शांतपणे वागावं, अशी मला सवय लागली आहे. बायको म्हणाली, "वास तर काहीच येत नाहीये." मी म्हणालो की गाडीत फिनेल मारलंय, त्यात कसला वास येणार. तिनं खांदे उडवले आणि गादी उलटी केली.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. मी संगमनेरला ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवतो. एका शाळेची मुलं ने-आण करणारी जुनी मिनीबस विकायला निघाली होती, ती घेतली आणि बॉडी बांधणाऱ्याकडून आतून बदलून घेतली. मागे आडवी झोपायची जागा, पुढे दोन बाकं रात्री जोडून दुसरी, एक छोटा ओटा, सिंक, कोपऱ्यात संडास आणि बाकाखाली पाण्याची टाकी. आई गेल्यावर दादा पाथर्डीकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी आयुष्यभर प्रवास केला तो ट्रकच्या हौद्यात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बिऱ्हाडासकट, कारखान्यांकडे. दिवाळी झाली की आईदादा ऊसतोडीला निघत आणि मी आत्याकडे राहून शाळा करत असे. बरोबरीच्या पोरांना तोडीवर नेत, मला नेलं नाही. दादांनी फार काही न बोलता ठरवून टाकलं होतं की हा मागं राहील. त्या मागं राहण्यामुळे मी इथवर आलो. ते विसरायला मी काही इतका मोठा झालेलो नाही. म्हणून वाटलं, आता त्यांना गादीवर झोपवून फिरवावं.

गाडी तयार होऊन आली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले, आत डोकावले आणि सुनेला म्हणाले, "पोरी, तुझ्या नवऱ्यानं कोपीला चाकं लावली." उसाच्या पाचटाची ती झोपडी, कोपी, तिच्यातून बाहेर पडायला त्यांना जन्म लागला होता. पण ते खुशीत होते. गाडीत त्यांनी स्वतःकडे एक काम घेतलं, पाणी भरायचं. नळ दिसला की ते उतरत, पाईप लावत आणि टाकीच्या तोंडाला कान देऊन उभे राहत. पाणी गळ्याशी येऊन बाहेर सांडलं की मगच बंद. त्यांच्या गावात टँकर कधी येईल आणि कुणाच्या दारात उभा राहील याचा भरवसा नसे. आमच्याकडे आल्यावरही पिंपाला चार बोटं कमी ठेवणाऱ्याला ते आळशी म्हणत. मी भरायचो तेव्हा पाऊण टाकीवर थांबायचो, उगाच गाडीवर वजन नको म्हणून. ते त्यावरून मला टोमणे मारत की सायबानं तहान मोजून भरली.

दुसऱ्यांदा गादी ओली झाली ती आळे गावाच्या पुढं एका लग्नाला जाऊन आल्यावर. तेव्हाही दादा बरोबर होते. मध्ये एकदा आम्ही दोघंच नाशिकला जाऊन आलो, गादी कोरडी. मला याहून जास्त पुरावा नको होता.

मी त्यांना काही बोललो नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता. त्यांना लाज वाटू नये अशा बेतानं मी सगळं केलं. मागच्या गादीखाली रेक्झिनचा जाड तुकडा घातला आणि कडा चादरीखाली दुमडल्या. रस्त्यात वरचेवर गाडी थांबवू लागलो. पाय मोकळे करू, असं म्हणायचो. संध्याकाळचा दुसरा चहा बंद केला, कारण सांगितलं पित्ताचं. जेवताना त्यांचा तांब्या मी अर्धाच भरायचो. आणि एप्रिलात भंडारदऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, मोठ्या माणसांसाठी मिळतात त्या लंगोटांचं पुडकं आणून त्यांच्या पिशवीत, धोतराच्या घडीखाली ठेवलं. बायको म्हणाली, "मामांशी बोला तरी आधी." मी म्हणालो, बोलण्यानं ते खचतील. मला खरोखर तसंच वाटत होतं.

निघालो तेव्हा दादा पुढे माझ्या शेजारी बसले. एरवी प्रत्येक गावाला त्यांचं काहीतरी असे, इथला बाजार, तिथली बैलं. त्या दिवशी अकोले मागं पडलं तरी ते गप्प होते. बायकोनं दोनदा पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली आणि मांडीवर धरून ठेवली. राजूरला उतरताना त्यांचा तोल गेला. दार धरून ते तसेच खाली बसले, ओठ पांढरे पडलेले.

बाजारपेठेतल्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीण बाई तरुण होती, चिडली होती. एवढ्या उन्हात आजोबा पाणी का पीत नाहीत, कोणी सांगितलं कमी प्या म्हणून, असं तिनं विचारलं. मी त्यांच्या पायाशी उभा होतो. दादा छताकडे बघत म्हणाले, "कुनी न्हाई. तहानच लागत न्हाई मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचवायला जेवढं करावं लागतं तेवढंच केलं.

मी परत फिरू म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. सलाईननं तरतरी आली होती आणि एवढ्या लांब येऊन धरण न बघता जायचं त्यांना पटेना. धरणाजवळच्या शेंडी गावाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पाण्याच्या काठाला एका शेतकऱ्यानं आपल्या मोकळ्या वावरात गाड्या लावू देण्याची सोय केली होती. बांधावर नळ होता. इतका अशक्तपणा असताना दादा उतरले आणि पाईप शोधू लागले. सवय होती ती. टाकी गळ्यापर्यंत भरली, पाणी सांडलं, त्यांनी नळ बंद केला आणि बराच वेळ समोरच्या धरणाकडे बघत उभे राहिले. जेवणं झाल्यावर ते म्हणाले की आत उकडतंय, मी बाहेर झोपतो. ताडपत्री अंथरली, वर घोंगडी घेतली. मी आग्रह केला, पण फार नाही. खरं सांगायचं तर मनातून मला सुटल्यासारखं झालं.

आम्ही दोघं पुढच्या बाकांवर झोपलो. मागची गादी रिकामी होती.

सकाळी बायकोनं मला हलवून उठवलं. ती मागच्या गादीपाशी उभी होती. भिंतीकडची बाजू ओली होती, नेहमीचीच जागा. रेक्झिनवर पाणी साचलं होतं. बाहेर दादा उठून बसले होते आणि शेतकऱ्याच्या कुत्र्याशी काहीतरी बोलत होते.

मग आम्ही शोधायला लागलो. मी घाईघाईनं, हातातून पाने-पक्कड पाडत. सिंकखालचे सगळे सांधे चाचपले, कोरडे. संडासाची नळी कोरडी. छतातून म्हणावं तर पावसाचं नाव नव्हतं. टाकीच्या खाली वर्तमानपत्रं पसरली आणि पंप चालू-बंद केला, कागदावर एक थेंब नाही. भिंतीचं प्लायवूड खालच्या कडेला फुगलेलं होतं, पण पाणी तिथं कुठून पोचतं ते कळेना. तोवर अंघोळी, भांडी यात टाकी बरीच उतरली होती आणि गळती थांबली होती. मी टाकीला हात टेकून बसून राहिलो.

"गादी कधी ओली होते?" बायकोनं विचारलं.

"दादा असले की," मी म्हणालो, आणि म्हणताना मान खाली गेली.

"मामा असले की आणखी काय वेगळं होतं?"

मी टाकीवरचा हात काढला. तीच म्हणाली, "पाणी ते भरतात."

मी बाहेर गेलो आणि दादांना म्हणालो, तुम्ही भरता तशी एकदा टाकी भरून द्या. त्यांनी हातातली काडी मोडली. "तू भर. माझं काय, मी भरलं की सांडतंय." मग मीच भरली, त्यांच्यासारखी, तोंडाशी कान देऊन, सांडेपर्यंत. भिंतीचं प्लायवूड स्क्रू काढून सैल केलं. बायको बॅटरी घेऊन आत बसली आणि मी वावराच्या खडबडीत चाकोरीतून गाडी सावकाश फिरवली. दुसऱ्या वळणाला तिनं आवाज दिला.

टाकीच्या डोक्यावरून एक बारीक नळी निघते. टाकीत पाणी शिरताना आतल्या हवेला बाहेर जायला ती वाट असते. भिंतीच्या आतून ती वर जाते आणि मध्ये एका ठिकाणी जोडलेली असते. त्या जोडावरची पट्टी ढिली झाली होती. टाकी पाऊण असली तर त्या नळीत नुसती हवा, काही बिघडत नाही. गळ्यापर्यंत भरली की पाणी नळीत चढून जोडापाशी उभं राही. गाडी हलली की जास्त पाझरे, उभी असली तरी रात्रभर थेंब थेंब. भिंतीच्या आतून उतरून ते गादीच्या कडेशी पोचे. कोणीही तिथं झोपलेलं असो वा नसो.

मी दादांना हात धरून आत आणलं. भिंतीच्या फटीत त्यांचं बोट नेऊन जोडावर टेकवलं. त्यांनी बोट बाहेर काढलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं, नाकाशी नेलं. पाणीच होतं. ते गादीच्या कोरड्या बाजूला हळूच टेकले.

"म्हंजी मी न्हवतो," ते म्हणाले.

बायको तोंड फिरवून ओट्याकडे गेली. मी म्हणालो, नाही दादा, तुम्ही नव्हता, कधीच नव्हता. त्यांनी बोट धोतराला पुसलं.

"मला कळंना. झोपंत हुतंय आन मला उमगत न्हाई, आसं धरून चाललो. रातीचा जागा ऱ्हायचो मग."

"पण मी तर तुम्हाला काही म्हणालो नव्हतो."

"तू कागद घातलास ना गादीखाली. तू शिकल्याला मानूस, उगंच कशाला घालशील."

प्लॅस्टिक, रेक्झिन, असल्या सगळ्याला ते कागदच म्हणतात. कोपीवर घालायचा तोही कागदच. मी केलेला पहिल्या दिवसापासूनचा बंदोबस्त त्यांनी पाहिला होता. अर्धा तांब्या, पित्ताचं कारण, पिशवीतलं पुडकं. त्यांनी माझ्यावर शंका घेतली नाही, स्वतःच्या शरीरावर घेतली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "आता तेवढी पट्टी आवळ. पानी वाया चाललंय."

राजूरहून नवी पट्टी आणून मी जोड आवळला. परत सांडेपर्यंत टाकी भरली, चाकोरीतून दोन फेऱ्या मारल्या, कोरडं. संध्याकाळी बायकोनं चहा केला आणि दादांच्या पुढं दोनदा ठेवला. पहिला त्यांनी घेतला. दुसरा घेताना माझ्याकडे एकदा बघून घेतलं.

झोपायच्या वेळेला मी मागची जागा नीट करत होतो. गादी दिवसभर उन्हात तापून खडखडीत झाली होती. रेक्झिनचा तुकडा गुंडाळून मी बाकाखाली टाकला होता. दादा दारात आले आणि त्यांनी गादीची कड उचलून पाहिली.

"कागद कुठंय?"

"काढला. आता लागत नाही तो."

"आसू दे," ते म्हणाले. "तुझी गादी हाय."

मी काहीतरी बोललो, ही गादी तुमचीच आहे, असं काहीतरी. त्यांनी बाकाखालून गुंडाळी ओढून काढली. गादी बाजूला सारून खालच्या फळीवर उलगडली, चारी कोपरे ताणले आणि दोन्ही तळव्यांनी मधून कडेपर्यंत सुरकुत्या काढल्या. कोपीवर ते असाच कागद ओढत, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मग गादी जागेवर ओढली, माझ्या हातातली चादर घेऊन त्यांनी ती वर अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून पडले.