ओल्या चिंधीचा थर्मामीटर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारासिवनीच्या घरी कुलरमध्ये पाणी भरत होते. वहिनी रडत रडत एवढंच म्हणाली, "बाई, तुये दादा उठूनच नाही राह्यले." काही आठवडे उलटले, पण त्या दिवशी रामपायलीला दादाच्या घरी जाताना वाटेवर मनात आलेला विचार अजून जात नाही. आता दुपारचा फरक कोण बघणार... अशा वेळी माणसाला काय सुचेल त्याचा नेम नाही.

त्याच्या पडवीत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले होते. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळलेली आणि तिचं शेपूट पाण्याच्या वाटीत. ओला नेहमी कोरड्यापेक्षा कमी दाखवायचा. दोघांत जितका फरक जास्त, तितकी हवा नुसत्या पाण्याने थंड करता येते, हे त्याने वहिनीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना शिकवलं होतं. घरी कुणी आलं की खुशाली विचारायच्या आधी तो विचारायचा, "फरक किती हाय, पाय बरं."

दादा इंजिनिअर. पश्चिमेला वाळवंटाच्या कडेला, गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्रात त्याने सगळी नोकरी केली. तिथल्या टर्बाइनचं दुखणं त्याने मला एका सुट्टीत जेवताना समजावलं होतं. हवा तापली की विरळ होते, यंत्राच्या पोटात कमी जाते आणि वीजही कमी निघते. म्हणजे घरोघरी कुलर सुरू होतात, नेमकं तेव्हाच यंत्र धापा टाकतं. उपाय आपल्या कुलरचाच होता. हवा आत शिरते त्या तोंडावर ओल्या जाळ्यांची भिंत उभी करायची. अशा भिंती इतर ठिकाणी चालत होत्या, त्याने काही नवा शोध लावला नव्हता. त्याला फक्त ती आपल्या यंत्रावर, भर मे महिन्यात, चालताना बघायची होती.

वर्षानुवर्षं मागे लागून त्याने ती बसवून घेतली. पण उन्हाळ्यात विजेची ओरड असते, यंत्र थांबवता येत नाही. दुरुस्तीची सुट्टी पावसाळ्यात, म्हणून भिंत तेव्हाच बसली आणि साहेब लोकांनी चाचणीही लगोलग उरकून टाकली. दमट हवेत दोन्ही थर्मामीटर जवळजवळ सारखेच, मग फायदा दिसणार कुठून? उपयोग नाही, असा शेरा बसला. मेपर्यंत थांबा, म्हणून दादाने सगळ्यांची मनधरणी केली आणि कसाबसा एक उन्हाळा मागून घेतला. तो यायच्या आत गॅसच मिळेनासा झाला. यंत्र थांबलं ते थांबलंच. बंद यंत्राची धूळ पुसत दादा निवृत्त झाला. मला अजूनही राग येतो, पण तो कुणावर काढायचा तेच कळत नाही.

शेवटची भेट एप्रिलमधली. आदल्या दिवशी जुन्या सहकाऱ्याने कळवलं होतं, की यंत्र भंगारात निघालं, जाळ्यांसकट. मी आपली समजूत घालायला गेले, की दुसरीकडे कुठे तरी चालतच असेल ना अशी भिंत.

"हौ, चालते," तो म्हणाला. "पण मायी नाही ना चालली. मले एकच उन्हाळा पाह्याचा होता."

मग उठून त्याने वाटीत पाणी घातलं. मी विचारलं, "आता काहून पाहून राह्यला रे दादा?"

"सवय हाय," म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून त्याने चिंधीचं शेपूट पुन्हा वाटीत बुडवलं. त्याला मी इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दादाच्या पुण्यानुमोदनाला विहारातली मंडळी आली, जेवणं झाली, पांगापांग झाली. मी पडवीत येऊन बसले. उन्हाच्या झळा अंगणातून थेट आत येत होत्या. वाटी कधीच आटली होती, चिंधी वाळून कडक झाली होती. पाणी घालावं असं वाटलं, पण कुणासाठी घालू... हात उठला नाही.

आतून भांडी आवरता आवरता वहिनीने सवयीने विचारलं, "बाई, फरक किती हाय?"

मी वर बघितलं. दोन्ही थर्मामीटर एकाच आकड्यावर होते.

"काहीच नाही, वहिनी."