शकुवहिनीचं बिनटाक्याचं ऑपरेशन

माझ्या लटारूदादाची बायको शकुवहिनी सावली तालुक्यातल्या आमच्या गावात लग्न होऊन आली, तेव्हापासूनच तिला दम लागायचा. विहिरीवरून घागर आणताना ती वाटेत टेकायची, आणि बसल्याबसल्या येणाऱ्याजाणाऱ्याची अशी टर उडवायची की तिच्या दमण्याकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. तिच्या छातीवर डाग होते. लहानपणी खेळताना ती बेशुद्ध पडली, तर तिच्या माहेरच्या जाणत्यांनी विळा तापवून डागलं होतं. पोर वाचावी म्हणूनच केलं, पण वहिनीनं मनाशी पक्कं केलं, की आता या छातीला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, की हृदयातून फुप्फुसाकडे रक्त जातं तिथली झडप जन्मापासूनच चिकटलेली आहे, छाती उघडून मोकळी करावी लागेल, तेव्हा ती उठली आणि सरळ बसस्टँडवर जाऊन बसली. आम्ही समजावून थकलो. हट्टीपणात तिला तोड नव्हती.

अठ्ठ्याऐंशी साली मात्र धान कापताना ती शेतातच कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा ओठ जांभळे पडले होते. त्याच डॉक्टरांनी या वेळी नवीनच सांगितलं. मुंबईला एक डॉक्टरीणबाई मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. नळीच्या टोकाशी फुगा असतो, तो झडपेत फुगवला की चिकटलेलं सुटतं. छातीला चीर नाही.

मला वाटलं, सुटलो. तर आता दादाच अडून बसला.

"मांडी दाखवाची का डॉक्टरले?" तो म्हणाला. "आतापर्यंत जगलीच ना तू?"

"रोवणीत लुगडं गुडघ्याच्या वर खोचतो आमी, ते सारं गाव पाह्यते," वहिनी म्हणाली. "त्याच्या वीतभर वर एक बाई पाहील. तुमाले काऊन लाज येऊन राह्यली? अन् मी जगून नाई राह्यली, बसून राह्यली."

दादा पाय आपटत बाहेर गेला, पण मग त्यानं अडवलं नाही. माझा भाऊ वाईट नाही, घाबरट आहे. त्याला भीती वाटली की तो चिडतो.

मुंबईला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई समोर बसल्या आणि वहिनीनं त्यांचीच उलटतपासणी सुरू केली.

"फुगा आतमंदी फुटला त?"

"क्वचित फुटतो. फारच बिनसलं तर छाती उघडावी लागेल. तेही तुम्ही आधी हो म्हणालात तरच मी नळीला हात लावीन."

"झडप पुन्हा चिकटली त?"

"मग पुन्हा हेच करू. शंभर टक्के खात्री मी देत नाही."

मला वाटलं, आता ही उठते. तिचा हात पदराखाली डागांवर गेला.

"लहानपणी मले कोणी विचारलंच नाई, धरलं अन् डागलं," ती म्हणाली. "तुमी विचारून राह्यल्या. करा."

ती पूर्ण जागी होती. फुगा फुगला तेव्हा क्षणभर डोळ्यांपुढे अंधार आला, एवढंच तिनं नंतर सांगितलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन "झडप सुटली" म्हणाल्या, आणि मी भिंतीला टेकून रडले.

गावाला मात्र हे पचेना. ऑपरेशन म्हणजे टाके हवेत, पट्ट्या हव्यात. बाया हक्कानं तपासून गेल्या, आणि मांडीवरची डास चावल्याएवढी खूण बघून त्यांनी नाकं मुरडली. आम्ही ज्यांच्या शेतात धानाची रोपं रोवायला जायचो ते वामनराव तर चारचौघांत म्हणाले, "टाकाच नाई, त ऑपरेशन कायचं? बाईले फसवलं." सगळे हसले. वहिनीही हसली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

डॉक्टरांनी शेतकामाला परवानगी दिली, तशी पुढच्या पावसाळ्यात ती आमच्याबरोबर रोवणीला उतरली. शेवटचं शेत रोवून झालं की आमच्याकडे बाया मालकाला चिखलानं माखतात. सापडलेल्या मालकाला मग बोजारा, म्हणजे सगळ्यांना जेवण, द्यावं लागतं. वामनराव पळण्यात पटाईत. दरवर्षी बांधाबांधानं निसटायचे आणि आमची चहावर बोळवण करायचे. त्या वर्षीही ते निसटलेच होते.

एवढ्यात आमच्यातून कुणीतरी सुटलं. लुगडं खोचलेलं, दोन्ही मुठींत चिखल. मी बघते तर शकुवहिनी. तिला पळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. ती बांध ओलांडून गेली, मोहाच्या झाडाशी तिनं वामनरावांना गाठलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत माखून काढलं. वामनराव गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकू लागले.

"बसा भाऊ, घटकाभर," वहिनी त्यांना म्हणाली. "घाई नाई आमाले. पण बोजारा बकऱ्याचा पायजे."

बांधापलीकडे औत धुणारा दादा तिला थांबवायला अर्ध्या शेतापर्यंत आला होता. तिथेच चिखलात उभा राहून तो सगळ्यांदेखत ढसाढसा रडत होता. मी जवळ गेले तर त्यानं माझा हात घट्ट धरला.

"धावली ना व बाई ती," तो म्हणाला. "धावली."