टॅपेट त्याचे, क्लच माझा

"काच खाली करा. आता तोंड बंद."

गाडी दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाचं काका असंच स्वागत करायचे. मग तो नगरसेवक असो, प्राध्यापक असो, की घोषणा देऊन घसा बसलेली माझ्यासारखी कार्यकर्ती. विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मेकॅनिक तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. बहुतेक जण आधी पाना उचलतात, मग विचार करतात. काका शेजारच्या सीटवर बसायचे, डोळे मिटायचे आणि गाडी काय म्हणते ते ऐकायचे. बॉनेट नंतर.

एकदा एका आयटीवाल्याने मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलेला आवाज ऐकवला. "काका, असा साउंड येतोय बघा." काकांनी मोबाईल परत त्याच्या हातात ठेवला. "डॉक्टरकडे खोकला डबीत घालून पाठवता का? पेशंट आणा."

उलट एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी "सरळ जाताना काही नाही, वळताना कट् कट् कट्" हे तोंडाने इतकं हुबेहूब काढून दाखवलं, की काका गाडीकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या चाकाचा जॉइंट. बाई, पुन्हा एकदा काढा." बाईंनी पुन्हा काढला. शेजारचा चहावालासुद्धा ऐकायला आला.

आता माझं. आम्ही पाच जण फुटपाथसाठी भांडतो. या शहरात चालणाऱ्याला चालायला जागा नाही, ही माझ्या मते उघड लूट आहे. फुटपाथवाल्यांना गाडी कशाला हवी, असं विचारू नका. स्पीकर आणि पत्रकांचे गठ्ठे एकदा डोक्यावर नेऊन बघा. तर वाघोलीच्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून आम्ही छोटी गाडी घेतली. चार महिने बरी चालली. मग काकांनी ऑइल बदललं आणि आठवड्याभरात दोन आवाज सुरू झाले. सकाळी स्टार्ट केली की इंजिनात टक-टक-टक. आणि क्लचला पाय लागला की खालून किर्रर्र.

माझं डोकं फिरलं. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: 'भंगाराला रंग फासून विकणाऱ्या नराधमा, उत्तर दे!' छापूनही आणलं. रविवारी त्याच्या दारात वाटायचं ठरलं. शनिवारी सकाळी मी काकांकडे गेले ती फक्त एका वाक्यासाठी. 'जाणकार मेकॅनिकचेही हेच मत आहे', एवढं त्यांनी म्हटलं की झालं.

"जय भीम, काका. या गाडीचं असं झालंय..."

"जय भीम. काच खाली."

गार इंजिन सुरू झालं. आधी डोळे मिटून ऐकणं झालं. मग काकांनी उतरून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"टॅपेट. व्हॉल्व्ह उघडणारे भाग ढिले होऊन वाजतायत. जुना आजार आहे. आवाज दबावा म्हणून विकणाऱ्यानं डांबरासारखं जाड ऑइल ओतलं होतं. ते काढलं आणि आवाज मोकळा झाला. गाडी घेऊन पहिल्यांदा आलात तेव्हा मलाही ऐकू आला नव्हता."

"म्हणजे फसवलं!"

"फसवलं. चला, एक चक्कर मारू."

मी जिंकल्यासारखी गाडी काढली. सिग्नलला थांबलो. किर्रर्र चालूच. काकांनी एक डोळा उघडला.

"ताई, आपला डावा पाय कुठे आहे?"

"क्लचवर."

"का?"

"सिग्नल सुटला तर?"

"समोर ऐंशीचा आकडा दिसतोय. ऐंशी सेकंद काय पाय शेकताय? न्यूट्रल करा. पाय काढा."

काढला. आवाज थांबला.

"ठेवा."

किर्रर्र.

"गॅरेजपासून इथवर पाय तिथंच होता. नुसता टेकवला तरी आतलं बेअरिंग दाबलेलं राहतं आणि झिजतं. गाडी घेतलीत त्या दिवशी मी चालवली होती, तेव्हा क्लच गप्प होता. टॅपेट त्याचे. क्लच तुझा गं."

'ताई'वरून 'तुझा गं'वर आले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"पण काका, तो लबाड आहे हे तर ठरलं ना? मग हेही त्याच्यावरच टाकलं तर बिघडलं कुठे?"

हे मी खरंच म्हणाले. लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले.

"उद्या तो क्लचचं खोटं पाडेल. मग टॅपेटचं खरं कोण ऐकणार?"

हिरवा कधीच लागला होता. मागच्यांनी हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला.

त्या दुपारी आम्ही दोघं जुन्या टायरांवर बसून एकेका पत्रकातला क्लचचा परिच्छेद पेनाने खोडत होतो. काकांनी चष्मा लावून पत्रक पूर्ण वाचलं. "नराधम हे टॅपेटला जरा जास्त होतंय," म्हणाले आणि तेही खोडायला लावलं.

रविवारी तो विक्रेता पत्रक नाचवतच बाहेर आला. "हे काय खोडलंय? आधी छापायचं, मग घाबरून खोडायचं?"

गर्दी जमली होती. मी म्हणाले, "क्लचचं होतं. तो माझ्याच पायानं गेला, म्हणून खोडलं. टॅपेटचं खोडलेलं नाही. त्याचं बोला."

लोक हसले. मलाच हसले. पण मग सगळे त्याच्याकडे बघायला लागले आणि त्याला पळवाट उरली नाही. आठ दिवसांत इंजिन दुरुस्त करून मिळालं. क्लच आमचा आम्ही केला.

पुढच्या वर्षी आम्ही आळंदी रस्त्यावर फुटपाथ कुणी कुणी अडवलाय त्याची यादी केली. काकांना दाखवायला नेली. खरं तर मिरवायला. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"चहावाला आहे. पंक्चरवाला आहे. मी कुठे आहे?"

"तुमचं काय, काका? थोडासा तर पत्रा पुढे आलाय."

"थोडासा म्हणजे किती?"

 त्यांनी टेप काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. मोजून झाल्यावर माझ्याच पेनाने यादीच्या शेवटी लिहिलं: 'गॅरेज, दोन फूट तीन इंच.'

दोन दिवसांनी गेले, तर पत्रा आत सरकलेला होता. नोटीस यायची होती अजून. काका मात्र गाडी आणि भिंत यांच्यामध्ये पोट आत घेऊन अडकले होते. "बघतेस काय? ओढ की!"

यंदा ते गॅरेज बंद करून साताऱ्याला लेकीकडे राहायला गेले. गॅरेजच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. त्याची पाटी अजून तरी फुटपाथच्या रेषेच्या आत आहे. माझं लक्ष आहे. समोर फुटपाथच्या मधोमध विजेचा खांब आहे. पूर्वी पत्रा आणि खांब यांच्यामधून जाता यायचं नाही, रस्त्यावर उतरावंच लागायचं. परवा एक आजोबा काठी टेकत त्या खांबापाशी आले. सवयीने रस्त्याकडे वळले, थांबले, आणि सरळ पुढे चालत गेले.