गोणपाटं कुणी ओली केली?

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मुंजा कुठल्या पिंपळावर राहतो हे विचारून मी मुद्दाम त्याच्याखाली डबा खाल्लाय... नंतर पोट बिघडलं, पण ते डब्यामुळे.

माझा ट्रॅक्टर-कॉम्प्रेसर आहे. पूर्वी विहिरींचा खडक फोडायचो, हल्ली झाडांच्या मुळांभोवतीची माती हवेच्या झोताने उडवतो. कुदळीने मुळं तुटतात, हवेने फक्त माती जाते. नियम एकच — उघडी पडलेली मुळं लगेच ओल्या गोणपाटांनी झाकायची. उन्हात बारीक मुळं बघता बघता वाळतात, मग झाड हातचं गेलं.

गेल्या एप्रिलमध्ये वारूळवाडीला तात्यांच्या आंब्याचं काम आलं. अंगण उंच करताना खोडाभोवती दोन फूट मुरूम भरलेला, त्यात झाड गुदमरत होतं. आंबा तात्यांच्या बायकोने, काकूंनी लावलेला. त्या जाऊन वर्ष झालेलं, मुलं पुण्यात. तात्या म्हणाले, "भाऊ, सांजच्याला मी याच्याशीच बोलतो. ह्यो गेला तर घरात कुनी न्हाई."

त्या दिवशी संकष्टी. गेटची किल्ली माझ्या हाती देऊन तात्या ओझरला दर्शनाला गेले. अकरापर्यंत मुळं मोकळी झाली आणि कॉम्प्रेसरचा पाइप फुटला. म्हटलं, नारायणगावातून पाइप आणू, मग झाकू. कोरडी गोणपाटं तशीच ठेवून, गेटला कुलूप लावून निघालो. दुकानदार दोस्त म्हणाला, "मिसळ खाऊन जा, राव." खाल्ली. बाकावर जरा पाठ टेकली... उठलो तेव्हा अडीच वाजले होते.

परत येताना तात्यांना मारायची थाप तीनदा घोकली. वाळवीवर ढकलणं बरं वाटत होतं.

कुलूप उघडलं आणि तिथेच थांबलो. सगळी मुळं झाकलेली. गोणपाटं निथळत होती. झोपलेल्या लेकराची गोधडी खोचावी तशी प्रत्येकाची कड आत दुमडलेली. मी उडवलेल्या मातीचा बारीक थर अंगणभर होता आणि त्यावर फक्त माझ्या बुटांचे ठसे, गेटकडे गेलेले. लाइट सकाळपासून नव्हती, टाकी कोरडी. पाण्याचं एकच पिंप, काठोकाठ भरलेलं; झाकणावरची धूळसुद्धा हललेली नव्हती.

तात्यांना फोन केला. मागे घंटा वाजत होत्या. "आजून रांगेतच हाय. कुठवर आलं काम?"

"मुळं झाकलीत," म्हणालो. कुणी ते सांगितलं नाही, एवढंच.

पावसाळ्यात आंब्याला तांबूस पालवी फुटली. तात्या येईल त्याला सांगायचे, "लई जपून केलं ह्या भाऊंनी." मी मान डोलवायचो, निर्लज्जासारखा. दिवाळीत फराळाला बोलावलं तेव्हा मात्र हातातली चकली परत ताटात ठेवली. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या बसणार.

तात्यांनी एवढंच विचारलं, "कडा आत दुमडल्या व्हत्या? ही पोरांची गोधडी अशीच खोचायची."

"हो."

त्यांनी उठून आंब्याच्या खोडावर हात ठेवला. मग म्हणाले, "मंग हाक मारली का तुमी?"

"कोणाला?"

"येकदा मारायची व्हती, राव..."

त्या दुपारी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. हाक का मारली नाही, तेही.