विकलोच्या डोंगरात हरीण दाखवा मोहीम

किस्से आम्हाला शोधावे लागत नाहीत. डब्लिनमधल्या आमच्या मराठी हायकिंग ग्रुपला फक्त घराबाहेर काढायचं, संध्याकाळपर्यंत ढीग लागतो!

यंदाची मोहीम मंदारच्या वडिलांसाठी होती. नाना चंद्रपूरकडचे, निवृत्त वनरक्षक. मंदारचं सगळं लहानपण नाना जंगलात आणि तो होस्टेलवर. सोमवारी नानांचं परतीचं विमान होतं, आणि त्याआधी त्यांना इथलं एक तरी हरीण दाखवायचंच, असं मंदारने मनावर घेतलं होतं.

*

त्या दिवशी तापमान सव्वीस. रेडिओवर 'काळजी घ्या, पाणी प्या' चालू होतं आणि रस्त्याकडेला लालबुंद झालेले आयरिश लोक उघडेबंब पहुडले होते. नानांनी स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि विचारलं, "उन्हाळा केव्हा सुरू होते इथं?"

*

निघायचं ठरलं होतं सात वाजता, म्हणजे अर्थातच दहाला निघालो. आठ माणसांना चाळीस माणसांचे पोहे! बॉल्सब्रिजच्या ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मृणालने प्राण्यांची एक्सेल शीट आणली होती. दुपारपर्यंत तिने एकाच रकान्यात टिक केली: मेंढी.

"अगं, मेंढी पाळीव असते!"

"असू दे. स्टेटस रिपोर्ट रिकामा जायला नको."

*

नानांचा गुडघा पहिल्याच चढाला बोलायला लागला. "तुमी या जाऊन," म्हणत ते कार पार्कमागच्या झाडाखाली बसले. मंदारचा चेहरा पडला. मला खरंच वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी लग्न काढलं, तेच मांडवाबाहेर! पण ग्रुपने अंताक्षरी काही थांबवली नाही.

*

वर एक म्हातारा आयरिश गृहस्थ कुत्रा घेऊन उतरत होता. मंदारने अदबीने विचारलं, हरणं दिसली का?

युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी', शांतपणे म्हणाला, "होती की! तुम्ही गायला लागेपर्यंत." वर "ग्रँड डे!" म्हणून चालता झाला.

*

चार तास झाले. दुर्बिणीतून दिसलं काय, तर आमचीच कार. उन्हात नाना एकटे आहेत म्हणून मंदारने फोन लावला, स्पीकरवर.

"नाना, पाणी प्यायलात का?"

पलीकडून कुजबुज आली. "हळू बोल, मंद्या. नऊ हायेत माह्यासमोर. पाडस बी हाय."

आम्ही सगळे बॅगा उचलायला लागलो. मृणालने शीट उघडली.

"आलोच आम्ही!" मंदार म्हणाला.

"आमी नाही. तू ये. एकटाच ये, अन् बूट काढून ये."

मंदारने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिथेच दगडावर बसला आणि नाड्या सोडायला लागला.