गौरीचा कमरपट्टा

आमच्याकडे गौर नुसती बसवत नाहीत, नाचवतात. नऊवारी नेसवलेली मुखवट्याची गौर घरातली एखादी बाई दोन्ही हातांत उचलते, बाकीच्या गाणी म्हणतात आणि देवी अंगणभर फिरते. आमच्या रत्नागिरीच्या घरी हा मान आईचा. बाबा जहाजावर भंडारी होते, म्हणजे तिथे स्वयंपाक करायचे. १९९८ साली ते सुट्टीवर आले ते गौरीसाठी लाल कापडाचा, पितळी चकत्यांची झालर लावलेला कमरपट्टा घेऊन. इजिप्तच्या पोर्ट सईद बंदरातल्या बाजारात त्यांनी तो घेतला होता. तिथली भाषा येत नाही म्हणून हातांनी देवीची उंची दाखवली होती. दुकानदाराला वाटलं असणार, ह्याची मुलगी फारच लहान आहे.

त्या वर्षी आमची गौर अशी काही छुमछुमली की वाडीतल्या बायका बघतच राहिल्या. आई तर हवेतच होती.

मी चौदा वर्षांची, आणि मला प्रत्येक गोष्टीचं मूळ खणायची खोड. देवीच्या दागिन्याला मागच्या बाजूला जास्त चकत्या कशाला? आपल्या देवीचा पट्टा तिकडे शिवतं तरी कोण?

‘‘देवाच्या वस्तूची इतकी चौकशी करू नये गो,’’ आई म्हणायची. ती वळली की मी पुन्हा चकत्या मोजायला लागायचे.

तेव्हा मी भरतनाट्यम शिकत होते. आमच्या बाईंचा सगळा राग माझ्या कमरेवर. पाय ठीक, हात ठीक, पण कंबर हलली की हातातली लाकडी पट्टी जमिनीवर आपटायच्या. ‘‘कंबर हलली! पुन्हा!’’ सहा वर्षं मी हे ऐकलं. माझी कंबर काही सुधारली नाही.

कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे केबलवर एक इजिप्तची नर्तकी दिसली. खांदे स्थिर, मान स्थिर आणि नाचत होती ती फक्त कंबर. कमरेला आमच्या गौरीचा पट्टा! तोच लाल रंग, तीच मागे जड झालर. आधी मला हसू आवरेना, मग आई आठवली. आईला कळलं तर? तिने देवीला नाचणारीचा पट्टा बांधला होता.

मी तोंड शिवून घेतलं, पण डोकं काही शांत बसेना. कुठून कुठून त्या बेली डान्सच्या सीडी मिळवल्या आणि दार लावून आरशासमोर शिकायला लागले. बाईंनी ज्याला दोष म्हटलं, ती इथे अर्धी कला होती. इतका आनंद मला त्याआधी कशानेच झाला नव्हता. पुढे नोकरीसाठी मुंबईला गेले, तिथे रीतसर गुरू मिळाल्या, हॉटेलांतले कार्यक्रम सुरू झाले, मग नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढला. घरी सांगितलं, ‘‘डान्स शिकवते.’’ आईने भरतनाट्यमच गृहीत धरलं, मी धरू दिलं.

मग आईचे गुडघे गेले. ‘‘यंदापासून गौर तू नाचवायची,’’ तिने फोनवर सांगितलं. मला किती अभिमान वाटला! आणि पंधराच दिवसांत माझा कार्यक्रमात नाचतानाचा फोटो पेपरात आला.

आईचा फोन. ‘‘तुझ्या कमरेला हाय तो गौरीसारखा पट्टा ना गो?’’

मी सगळं सांगून टाकलं. नाच कुठला, पट्टा कुणाचा, सगळंच. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

तिने परत बोलावलं नाही, येऊ नकोस असंही म्हटलं नाही. न बोलावता गेले. माझा नाचाचा पट्टा भीतीने मुंबईलाच ठेवला. घरी पोहोचले तर गौर नेसून तयार आणि कंबर मोकळी. पट्ट्याबरोबर माझाही मान गेला, असंच वाटलं.

आई आतून गौरीचा जुना पट्टा घेऊन आली.

‘‘देवीला नाय घातलास?’’ मी घाबरत विचारलं.

‘‘इतकी वर्षं तिला घातला,’’ आई म्हणाली. ‘‘पण मी नाचले नसते तर तो वाजला असता काय? ती कुठे नाचते? कंबर माझीच हलत होती. सरळ उभी रहा.’’

कुरकुरत गुडघ्यांवर बसून तिने नाडी जोडून लांब केलेला तो पट्टा माझ्या साडीवर बांधला. मग उठताना माझा हात धरला आणि देवी माझ्याकडे दिली.

‘‘हां, आता हलव,’’ ती म्हणाली. ‘‘मलाही बघायचंय.’’